लाइनीला लागलेला शब्द

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात सगळ्यात लांब नोंद कुठल्या शब्दाची, हा प्रश्नमंजूषेतला ठरलेला प्रश्न आहे. १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत तो मान 'सेट'कडे होता. नुसत्या क्रियापदाचे चारशेवर अर्थ आणि नोंद सुमारे साठ हजार शब्दांची, म्हणजे बऱ्यापैकी जाड कादंबरीच. तिसऱ्या आवृत्तीचं काम निघालं तेव्हा 'रन'ने 'सेट'वर मात केली. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक या एका क्रियापदाला घेऊन नऊ महिने बसले आणि ६४५ अर्थ घेऊन उठले. आपल्याकडे नऊ महिन्यांत एका बाळाचं एक नाव ठरत नाही.

हे विद्वान लोक, त्यांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण 'सेट' आणि 'रन' यांच्या कुस्तीत 'लाइन' ही बाई कोपऱ्यात उभी राहून गेली, याचं वाईट वाटतं. इंग्रजीतच तिचे अर्थ पोत्याने आहेत. त्यात महाराष्ट्राने घातलेली भर धरली, तर गिलिव्हरसाहेबांना नऊ महिने नाही, पूर्ण नोकरी पुरायची नाही. मात्र त्यासाठी त्यांना ऑक्सफर्ड सोडून सकाळी कल्याण स्टेशनात, दुपारी रेशनच्या दुकानापुढे आणि रात्री एखाद्या वऱ्हाडी गावातल्या डीपीखाली उभं राहावं लागलं असतं.

बाई म्हटलं ते उगाच नाही. मराठीत पाऊल टाकताच लाइन स्त्रीलिंगी झाली. ओळ, रेघ, रेषा, रांग, पंगत, फळी, सरी, दोरी हा सगळा गोतावळा आधीपासूनच बायकांचा, त्यामुळे तिला वेगळं विचारावंही लागलं नाही. लिंग मिळालं, पाठोपाठ विभक्ती मिळाली. भिंत-भिंतीला, तशी लाइन-लाइनीला. अनेकवचन लाइनी. 'सॉरी' आपण दिवसातून दहादा म्हणतो, पण त्याला कोणी प्रत्यय लावत नाही. तो पाहुणा बाहेरच्या खोलीत बसतो आणि चहा पिऊन जातो. लाइन थेट स्वयंपाकघरात शिरली. 'लाइन', 'लाईन', 'लायनी', 'लैन' अशी चार नावं तिला पडली आहेत, आणि ज्याला घरात चार नावं असतात तो घरचाच असतो.

मराठी मुलाची लाइनीशी पहिली भेट प्राथमिक शाळेत होते. बाई सांगतात, "वहीला पट्टीने लाइन मारा." डावीकडे समासाची लाइन, उत्तर संपलं की खाली एक लाइन. पेन्सिलीनेच मारायची, लाल पेन हा बाईंचा अधिकार. मुलगा पाच-सहा वर्षं निष्ठेने लाइनी मारतो. पट्टी हलू देत नाही, जीभ बाहेर काढून, श्वास रोखून मारतो. लाइन सरळ आली की बाई शाबासकी देतात. मग तो नववीत जातो आणि एक दिवस घरी चिठ्ठी येते की आपले चिरंजीव लाइन मारतात. शब्द तोच, क्रियापद तेच, चिकाटीही तीच, पण वडील विचारतात, "हे धंदे कुठे शिकलास?" यावर "शाळेत" हे उत्तर शंभर टक्के खरं असून देता येत नाही.

या दुसऱ्या लाइन मारण्याला जुन्या मराठीत 'नेत्रपल्लवी' असा देखणा शब्द होता. पण तो म्हणेपर्यंत मुलगी बसमध्ये चढून जाते. शिवाय भूमितीच्या दृष्टीने ही लाइन नाहीच. पाठ्यपुस्तकात रेषा, किरण आणि रेषाखंड यांत फरक केलेला आहे. रेषेला दोन्हीकडे शेवट नसतो. किरणाला आरंभबिंदू एकच, आणि पुढे तो एका दिशेने अनंतापर्यंत जात राहतो, कोणाला लागो न लागो. तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यावरून जे मारले जातात ते सगळे किरण. पलीकडूनही 'लाइन दिली' गेली आणि पुढे दोन्ही घरांची संमती मिळाली, की त्याचा रेषाखंड होतो: दोन्ही टोकं पक्की, लांबी ठरलेली.

माणसांच्या लाइनीला इंग्रज 'लाइन' म्हणत नाही. तो 'क्यू' म्हणतो, आणि हा शब्द त्याने फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ शेपूट. माणसं उभी राहतात त्याला लाइन म्हणतो तो अमेरिकन. आपण दीडशे वर्षं इंग्रजांकडून इंग्रजी शिकलो, पण उभे राहायची वेळ आली तेव्हा अमेरिकेची लाइन धरली. कदाचित दुसऱ्याच्या शेपटाला उभं राहणं आपल्याला मानवलं नसावं.

तसं लाइनीत स्वतः उभं राहणं हे आपल्याकडे पहिल्यापासून थोडं कमीपणाचंच. लाइन वस्तूंची लागते. टँकर यायच्या आधी हंड्यांची, कळशांची आणि पाच लिटरच्या तेलाच्या रिकाम्या कॅनची. रेशनच्या दुकानापुढे पिशव्यांची. पिशवी उडू नये म्हणून तिच्यावर दगड. पिशवी नसेल तर नुसता दगड, नाहीतर चपलांचा जोड. मालक लोक समोरच्या कडुलिंबाखाली बसलेले असतात. दुकानाचं दार उघडलं की जो गलका होतो त्याला एक घटना आहे, आणि तिचं पहिलं कलम "मी सांगून गेले होते" हे आहे. सांगून जाणारी बाई परत येईपर्यंत तिची जागा राखणं हे पुढच्याचं आणि मागच्याचं संयुक्त कर्तव्य. कोणाला सांगून गेली, हे विचारायचं नसतं. दुसरं कलम, "आम्ही दोघी एकच आहोत." म्हणजे एका दगडावर दोन बायका. तिसरं कलम फक्त ज्येष्ठांसाठी: काही न बोलता पुढे जायचं आणि कोणी हटकलं तर ऐकू येत नाही असं दाखवायचं.

देवाच्या दारी मात्र शब्द बदलतो. पंढरपुरात 'बारी' म्हणतात. आषाढीला दर्शनाची बारी गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते, आणि त्या बारीत माणसं दगड ठेवून झाडाखाली जात नाहीत. स्वतः उभी राहतात, तासन् तास, अभंग म्हणत. गाव तेच, माणसं तीच. परतीच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारीही तीच. मुंबईत गणपतीच्या दिवसांत लालबागला पुन्हा लाइन येते, आणि तिचेही दोन प्रकार, नवसाची वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी.

इंग्रजीने एका लाइनीवर भागवलं तिथे मराठीने किती बारकाईने कामं वाटून दिली आहेत, ते पाहावं. भूमितीत रेषा, हाताने ओढली तर रेघ, छापली तर ओळ. कपाळावर पडली तर आठी, गालावर सुरकुती. शेतात नांगराने पडलं तर तास, ऊस लावला तर सरी. गुरं बांधली तर दावण. क्रिकेटमध्ये फळी, तीही मधली असेल तर हमखास कोसळणारी. आणि माणसं उभी राहिली तर रांग, बसली तर पंगत. हा शेवटचा फरक मोलाचा आहे, आणि तो कळण्यासाठी मे महिन्यातल्या लग्नाला जायला हवं.

कार्यालयात मुहूर्त साडेबाराचा आणि पहिली पंगत त्यानंतर लगेच. अक्षता पडतात न पडतात तोच मंडळी जेवणघराच्या दारापाशी सरकतात. पहिल्या पंगतीत जागा मिळाली तो जिंकला. बाकीचे आत शिरून एकेक जेवणारा निवडतात आणि त्याच्या खुर्चीच्या पाठीमागे, पाठीवर हात ठेवून उभे राहतात. निवड करताना ताट पाहायचं असतं. ज्याचा मसालेभात संपलाय आणि जो मठ्ठ्याकडे बघतोय, तो लवकर उठेल. जो जिलेबी दुसऱ्यांदा मागतोय त्याच्यामागे उभं राहणाऱ्याला अनुभव नाही. जेवणाऱ्याला मानेवर श्वास जाणवत असतो, पण तो वळून बघत नाही. बघितलं तर ओळख निघते आणि घास अडतो. हे उभं राहणं म्हणजे रांग नव्हे, पंगत तर नव्हेच. याला मराठीत शब्द नाही. पुढे बुफे आला, ताट हातात आलं, पंगत उठली आणि लग्नात लाइन शिरली. आता वधूवरांना पाकीट द्यायला एक लाइन आणि पावभाजीला दुसरी. दोन्हींतली कोणती लांब असते, हे वधूपित्याला विचारू नये.

मुंबईत लाइन म्हणजे कूळ. "कुठे राहता?" याच्या आधी "कुठल्या लाइनला?" येतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा लाइन एकच होती आणि सगळे गुण्यागोविंदाने राहत होते. १९५१ साली जुन्या कंपन्यांच्या मोडतोडीतून मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे झाल्या आणि मुंबईकरांत दोन वर्ण पडले, वेस्टर्न आणि सेंट्रल. हार्बर हा तिसरा, त्याला दोन्हीकडचे लोक "पनवेलकडे कुठेतरी" म्हणतात. सेंट्रलवाल्यांतही कल्याणपुढे कर्जत आणि कसारा अशा पोटशाखा आहेत आणि त्यांच्यात फारसा व्यवहार नाही. डोंबिवलीचा मुलगा आणि बोरिवलीची मुलगी असेल तर छत्तीस गुण जुळून उपयोग नसतो. पत्रिका जुळली तरी लाइन जुळत नाही, आणि जन्मभर दादरचा पूल चढायची तयारी कोणत्या मुलीची असते?

वर्तमानपत्रं या लाइनीला 'मार्गिका' म्हणतात. पाचवी-सहावी मार्गिका, मेट्रोची मार्गिका. शब्द वाईट नाही, एखाद्या हुशार मुलीचं नाव वाटतो. पण आजवर कोणी फलाटावर "मार्गिका कोणती?" असं विचारल्याचं ऐकिवात नाही. विचारलं तर लोक त्याला पाणी देतील आणि सावलीत बसवतील.

मरीन लाइन्सची लाइन मात्र रुळांची नव्हे. तिथे पूर्वी मरीन बटालियनच्या शिपायांची वस्ती होती. छावणीत तंबू आणि बराकी ओळीने असत म्हणून त्या वस्तीला 'लाइन्स'. २०२४ साली राज्य सरकारने स्टेशनाला मुंबादेवीचं नाव द्यायचं ठरवलं. पण याच जातीच्या लाइनी गावोगाव अजून आहेत. पोलीस लाइन प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. सोलापुरात रेल्वे लाइन्स नावाचा भागच आहे. नागपुरात सिव्हिल लाइन्स. यात एक गंमत अशी की पोलीस लाइनीत घरं खरोखर ओळीने असतात, एकाच्या भिंतीला दुसरं चिकटून, एकाच्या फोडणीने दुसऱ्याला ठसका लागेल अशी. सिव्हिल लाइन्समधले बंगले इतके ऐसपैस आणि आपापल्या तोऱ्यात की लाइन शोधूनही सापडत नाही. लाइन जितकी साहेबी, तितकी ती दिसत नाही.

रेल्वेने आणखी एक देणगी दिली, 'लाइन क्लिअर'. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून पुढच्या स्टेशनमास्तराची परवानगी लागते. जुन्या पद्धतीत दोन्ही स्टेशनांवर नील नावाच्या बनावटीचं यंत्र असे. पुढच्याने तिकडून कळ दाबली की इकडे एक लोखंडी गोळा पडायचा. तो चामड्याच्या पिशवीत घालायचा, पिशवी एका भल्यामोठ्या कड्याला अडकवायची आणि ते कडं ड्रायव्हरने हात लांब करून, धावत्या इंजिनातून खांद्यावर झेलायचं. गोळा हातात नसेल तर गाडी पुढे न्यायची नाही, मग खुद्द लाटसाहेब गाडीत असो. मराठी घरांनी ही पद्धत लग्नकार्यासाठी जशीच्या तशी उचलली. थोरल्या बहिणीचं जमत नाही तोवर धाकटीचा सिग्नल लाल. थोरलीचा साखरपुडा झाला की आत्या सगळ्या नात्यात फोन करून सांगते, "चला, धाकटीची लाइन क्लिअर झाली." एखाद्या घरात थोरला भाऊ "मला लग्नच करायचं नाही" म्हणून मधल्या स्टेशनात ठाण मांडतो आणि मागे दोन गाड्या शिट्ट्या मारत उभ्या राहतात.

पूर्वी टेलिफोनचीही लाइन असे. ती यायला वर्षं लागत आणि आली की पेढे वाटत. त्या लाइनीत अधूनमधून दुसऱ्याच दोन बायकांचं बोलणं ऐकू येई, त्याला क्रॉस लाइन म्हणत. आपलं काम सोडून माणसं ते शेवटपर्यंत ऐकत.

सगळ्यात ऐट मात्र विजेच्या लाइनीची. वीज जाते तेव्हा पुण्यात 'लाइट गेले', मुंबईत 'लाइट गेली', आणि विदर्भात 'लाइन गेली'. माझं मत स्पष्टपणे विदर्भाच्या बाजूने आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, डोळे दिपतील असं ऊन पडलेलं असताना 'लाइट गेली' म्हणणाऱ्याकडे सूर्याने काय म्हणून बघावं? गेली ती लाइनच. आणि लाइन गेली की आठवतो तो लाइनमन. गावात सरपंच निवडून येतो, तलाठ्याची बदली होते, पण लाइनमन हा लाइनमनच. त्याचा नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतो आणि पावसाचा पहिला थेंब पडला की तो नंबर लागत नाही. मग मंडळी डीपीपाशी जमतात. एक जण टॉर्च धरतो. चार जण मान वर करून बघतात. "फ्यूज गेलाय," एक म्हणतो. "फेज गेलाय," दुसरा. "आकडे टाकले की असंच होणार," असं तिसरा म्हणतो, तेव्हा चौथा गप्प बसतो, कारण आकडा त्याचाच असतो. शेवटी लाइनमन मोटारसायकलवरून येतो, कोणाशी न बोलता लाकडी दांडक्याने कुठेतरी एक ठोसा देतो आणि गावात उजेड पडतो. "आली!" असा एकच आवाज घराघरातून उठतो. एवढं उत्स्फूर्त स्वागत मंत्र्याच्याही वाट्याला येत नाही. शेतकऱ्याच्या पंपाला लाइन मिळते ती पाळीपाळीने, एकदा दिवसा, एकदा रात्री. रात्रीच्या पाळीत पिकाला पाणी द्यायला हातात काठी आणि पायाखाली चिखल घेऊन जाणाऱ्या माणसाला लाइन या शब्दाचा विनोद सांगायला जाऊ नये.

पोटापाण्याच्या उद्योगालाही आपण लाइनच म्हणतो. "मुलगा कुठल्या लाइनला आहे?" या प्रश्नाला कंप्युटर लाइन, मेडिकल लाइन, फिल्मी लाइन अशी उत्तरं चालतात. "अजून लाइनीला लागायचाय" म्हणजे घरी बसलाय. "वाईट लाइनीला लागला" म्हणजे घरी बसत नाही. भल्या पहाटे सायकलवरून पेपर टाकणारा पोरगा 'लाइन टाकतो', आणि त्याच्यानंतर आंघोळ करून बाहेर पडणारे साहेब मंत्रालयात 'लाइन लावतात'. पहिल्याची लाइन तळमजल्यावरून सुरू होते, दुसऱ्याची वरून. गावाकडे पाइपलाइन म्हणजे नदीपासून मळ्यापर्यंत जमिनीत पुरलेलं कर्ज. तीच पाइपलाइन शहरात गेली की तिचा अर्थ 'काम झालेलं नाही' असा होतो. "तुमचं प्रकरण पाइपलाइनमध्ये आहे," असं कारकून म्हणाला की समजावं, पाणी सोडलेलंच नाही.

आमच्या लिहिणाऱ्यांच्या लाइनीत सगळ्यात धाक 'डेडलाइन'चा. हा शब्द कुठून आला ते फार थोड्यांना ठाऊक असतं, आणि कळल्यावर झोप उडते. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ साली जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा एक भयंकर तळ होता. तटबंदीच्या आतल्या बाजूला काही अंतरावर लाकडी पट्ट्यांची एक हलकीशी सीमा घातलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला तटावरचे पहारेकरी गोळी घालत. ती मूळ डेडलाइन. युद्ध संपल्यावर त्या तळाच्या प्रमुखाला फाशी झाली, शब्द मात्र सुटला आणि छापखान्यात जाऊन नोकरीला लागला. मराठीत त्याची पार धार गेली. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून दिवाळी अंकांचे संपादक लेखकांना तारखा देत आले आहेत. संपादक पंधरा जुलै म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात पंधरा ऑगस्ट असतो. लेखक पंधरा ऑगस्ट ऐकतो आणि गणपती धरतो. गणपतीत पाहुणे असतात. पितृपक्षात शुभकार्य नको. या सीमेवर आजवर एकही लेखक मारला गेलेला नाही, आणि काही अंक पाहता ही चूकच झाली असं वाटतं.

लाइनीने जीव वाचवल्याचंही एक उदाहरण आहे. विलायतेत जहाजमालक जहाजं वाट्टेल तेवढी लादत, मग ती बुडत आणि मालक विम्याचे पैसे घेत. सॅम्युअल प्लिम्सॉल नावाच्या खासदाराने पार्लमेंटात आरडाओरडा केला आणि १८७६च्या कायद्याने जहाजाच्या बाहेरून एक रेघ मारणं सक्तीचं झालं. पाणी रेघेपर्यंत आलं की माल भरणं बंद. त्या रेघेला अजून प्लिम्सॉल लाइनच म्हणतात. या गृहस्थाला जत्रेच्या दिवसांत आपल्या एखाद्या एसटी डेपोत उभं करायला हवं होतं. एसटीला तशी रेघ मारलीच, तर ती पहिल्या थांब्यालाच रस्त्याच्या खाली जाईल, आणि वरून कंडक्टर म्हणेल, "मागं सरका, गाडी रिकामी हाय."

आता या सगळ्या अर्थांचं मूळ एकच कसं, हे शोधायला कोश उघडण्याआधी बायकांच्या टेलरकडे जावं. ब्लाउजपीस टाकलं की टेलर टेप गळ्यात अडकवून पहिला प्रश्न विचारतो, "लायनिंग लावायचंय?" लायनिंग लावलं की शिलाई वाढते, नाही लावलं तर "मग नंतर म्हणू नका" हे वाक्य मिळतं. हे लायनिंग म्हणजे अस्तर, आणि त्याचा लाइनीशी संबंध थेट आहे. जुने इंग्रज लोकरीच्या अंगरख्याला आतून लिननचं कापड लावत, त्या आतून लिनन लावण्याला ते 'लाइन' करणं म्हणू लागले. लिनन होतं जवसाच्या झाडाच्या धाग्याचं. लॅटिनमध्ये जवस म्हणजे 'लिनम' आणि त्याचा दोरा म्हणजे 'लिनिया'. तो दोरा ताणला की सरळ रेघ दिसते. मग रेघ म्हणजेच लाइन, आणि पुढचं सगळं रामायण, कल्याणच्या लोकलपासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत, या दोऱ्याला धरून आलं.

गंमत म्हणजे आपणही नेमका हाच उद्योग केला होता, फक्त कापसाने. आपलं सूत पाहा. सुतार हा मूळचा सूत्रधार, सूत धरून मापणारा, आणि नाटकातला सूत्रधार त्याचाच भाऊबंद. (दोघेही सांगितलेल्या वेळेला येत नाहीत, हा घराण्याचा गुण असावा.) एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "दोन सूत कमी पडतंय," असं सुतार म्हणाला की दाराचा आणि चौकटीचा संसार मोडलाच समजा. सरळ वागणारा माणूस सुतासारखा सरळ, आणि दोघांचं जमलं की सूत जुळतं. म्हणजे लाइन मारणं आपल्याला इंग्रजीने शिकवलं असेल, पण ती जुळवायला सूत आपलंच लागतं. गवंड्याने तर वाद ठेवलेलाच नाही. भिंत उभी करताना दोन टोकांना खिळे ठोकून तो जी दोरी ताणतो तिला तो 'लाइनदोरी' म्हणतो. अर्धा शब्द साहेबाचा, अर्धा आपला, दोन्हींचा अर्थ दोरीच. भिंत सरळ येते.

युरोपात जवसाचा दोरा काढला, कापड विणलं, रेघ ओढली, जहाजं आणि आगगाड्या चालवल्या. झाडाला शास्त्रज्ञांनी 'लिनम युझिटॅटिसिमम', म्हणजे अतिशय वापरातलं जवस, असं नाव दिलं. आपल्याकडे जवस पेरलं ते मुख्यतः तेलासाठी, आणि विदर्भ-मराठवाड्यात चटणीसाठी. ही चटणी करणार असाल तर जवस मंद आचेवर कोरडे भाजा, तडतडायचे थांबले की उतरवा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कुटू नका. लाल मिरची, मीठ आणि लसूण सढळ हाताने घाला. वर कच्चं तेल घेऊन ज्वारीच्या भाकरीबरोबर खा, आणि जेवताना लाइन गेली तर भाकरी संपल्याशिवाय उठू नका, लाइनमनचा फोन तसाही लागणार नाही.